परदेशातली लष्करशाही आणि आपल्या युनियनचा ठराव, खरंच काही उपयोग होतो का?

रात्रपाळी

नमस्कार मंडळी. आमच्या युनियनच्या पुढच्या जनरल बॉडीत म्यानमारमधल्या कामगारांना पाठिंबा देणारा ठराव येतोय आणि तो मांडायचं काम माझ्या गळ्यात पडलंय, कारण गेल्या मीटिंगला मी गैरहजर होतो. गैरहजर माणसाच्या नावावर काम खपवायची पद्धत सगळ्याच युनियनमध्ये असावी.

विषय थोडाफार माहितीये. १ फेब्रुवारी २०२१ ला लष्कराने सत्ता घेतली, त्याच महिन्याच्या शेवटी १६ कामगार संघटना बेकायदा ठरवल्या, नेते तुरुंगात नाहीतर भूमिगत. पण सभेत पहिला प्रश्न काय येणार ते मला आत्ताच ऐकू येतंय, "आपला करार दीड वर्ष रखडलाय आणि हे निघाले जगाची धुणी धुवायला". आणि खरं सांगू, मलाही याचं नीट उत्तर देता येत नाही. असे ठराव बरेच पाहिलेत, हात वर, टाळ्या, मिनिट्समध्ये नोंद, विषय संपला. मागे असाच एक ठराव केला होता, परवा जुनी फाइल चाळताना बघितलं तर वकिलातीला पाठवायचं पत्र सहीशिक्क्यासकट पाकिटात, पत्ता लिहिलेला, आणि पाकीट फाइलमध्येच. तिकीट लावायचंच राहून गेलं होतं.

तर विचारायचं हे की दुसऱ्या देशातल्या युनियनने काही केलं आणि लष्करशाहीखालच्या माणसाला त्याचा प्रत्यक्षात काही उपयोग झाला असं कधी झालंय का? भाषण नको, उदाहरण द्या.

---

जुना_फिटर

झालंय. ईस्ट किलब्राइड.

स्कॉटलंडमधलं गाव, तिथे रोल्स-रॉइसचा इंजिनांचा कारखाना. ११ सप्टेंबर १९७३ ला चिलीत लष्कराने आयेंदेंचं निवडून आलेलं सरकार पाडलं, ते करताना अध्यक्षांच्या ला मोनेदा राजवाड्यावर हवाईदलाच्या हॉकर हंटर विमानांनी रॉकेटं सोडली. ही विमानं ब्रिटिश बनावटीची आणि आत रोल्स-रॉइसचं एव्हॉन इंजिन. इंजिन म्हटलं की ठराविक तास उडाल्यावर ओव्हरहॉल आलाच, आणि ओव्हरहॉलला इंजिनं यायची ईस्ट किलब्राइडला.

मार्च १९७४. बॉब फुल्टन नावाचा इन्स्पेक्टर, दुसरं महायुद्ध बघितलेला माणूस, कामाला घेतलेल्या इंजिनाचे कागद बघतो तर गिऱ्हाईक चिलीचं हवाईदल. त्याने फोरमनला जाऊन सांगितलं मी याला हात लावणार नाही. बास. बाकीचे त्याच्या मागे उभे राहिले आणि इंजिनं 'ब्लॅक' झाली, म्हणजे कोणीही त्यावर काम करायचं नाही. मग ती क्रेटमध्ये घालून बाहेर आवारात ठेवली गेली आणि तिथेच पडून राहिली, स्कॉटलंडच्या पावसात, चार वर्षं. ज्याने आयुष्यात कधी बेअरिंग हाताळलंय त्याला कळेल चार वर्षं उघड्यावर पडलेल्या इंजिनाचं काय होतं ते, वेगळी तोडफोड करावी लागत नाही, गंज आपोआप करतो.

आता तुझ्या ठरावाचं. फुल्टन एकटा हिरो वगैरे म्हणून उठला नाही. त्या कारखान्यातल्या युनियनने सत्तापालटानंतर लगेच निषेधाचा ठराव केलेला होता. अगदी तुझ्या ठरावासारखा, हात वर आणि मिनिट्समध्ये नोंद. तेव्हा कोणाला ठाऊक होतं की सहा महिन्यांनी तीच इंजिनं आपल्याच बाकावर येणार आहेत? पण आली तेव्हा फोरमनसमोर उभं राहून 'माझं मत' असं म्हणायची पाळी त्याच्यावर आली नाही, त्याला 'आमचं ठरलंय' म्हणता आलं. नोकरी जायची भीती असताना या दोन वाक्यांत जमीनअस्मानाचा फरक असतो.

---

वाकडा_प्रश्न

फिटरकाका, गोष्ट छानच आहे पण शेवट खाल्लात. ऑगस्ट १९७८ मध्ये रात्रीत लॉऱ्या आल्या आणि इंजिनं उचलून नेली, सकाळी कामगार आले तर जागा रिकामी. आणि सत्ता घेणारा जनरल पिनोशे? १९९० च्या मार्चपर्यंत अध्यक्ष होता. मग मिळवलं काय?

दुसरं, या 'आंतरराष्ट्रीय एकजुटी'ची निवड नेहमी सोयीने होते. चिलीसाठी गळा काढणाऱ्या कित्येकांना डिसेंबर १९८१ मध्ये पोलंडमध्ये जनरल यारुझेल्स्कीने मार्शल लॉ लावून सॉलिडॅरिटी युनियनच्या हजारो लोकांना डांबलं तेव्हा आवाज फुटेना, आणि पोलंडसाठी रडणाऱ्यांना चिली दिसत नव्हतं. ज्याचा हुकूमशहा आपल्या गटातला त्याचे कामगार अदृश्य, असा हिशोब.

तिसरं म्हणजे सगळ्यात कडू. अमेरिकेच्या एएफएल-सीआयओ या कामगार महासंघाने १९६२ मध्ये लॅटिन अमेरिकेसाठी एक संस्था काढली होती, एआयएफएलडी, नाव 'मुक्त कामगार विकास' वगैरे आणि पैसा बहुतेक सरकारचा. १९६४ ला ब्राझीलमध्ये लष्कराने सत्ता घेतली त्यात तिथे शिकवून तयार केलेल्या लोकांचा हातभार होता हे त्या संस्थेच्या लोकांनीच नंतर अभिमानाने सांगितलं. म्हणजे युनियनच्या नावाखाली परदेशात कोण काय करतंय ते आधी बघा, मग टाळ्या वाजवा.

---

जुना_फिटर

शेवट खाल्ला नाही, जेवायला उठलो होतो.

इंजिनं नेली हे खरं. पण चार वर्षं गेली ना. हवाईदलाला चार वर्षं आपलीच इंजिनं मिळत नाहीत, का तर काही मेकॅनिक नाही म्हणतायत. आणि त्या मेकॅनिकांना कित्येक वर्षं हेच वाटत राहिलं की आपण केलं ते वाया गेलं. नंतर चिलीतून सुटलेल्या कैद्यांनी सांगितलं की तुरुंगात असताना रेडिओवरून ही बातमी आमच्यापर्यंत आली होती, बाहेर कोणीतरी आहे एवढं तरी कळलं. २०१५ मध्ये त्यांच्यातल्या तिघांना चिली सरकारने परदेशी माणसाला देतात तो मोठा सन्मान दिला. तोवर फुल्टन नव्वदीत पोचला होता.

राजवट पाडायला इंजिन अडवलं नव्हतं रे. 'या कामात माझा हात नको' एवढंच होतं ते. १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को खाडीतल्या गोदी कामगारांनी चिलीला जाणारे बाँबचे भाग जहाजावर चढवायला नकार दिला तोही त्याच जातीचा.

बाकी सोयीची एकजूट, त्यावर शंभर टक्के सहमत. पोलंडच्या बाबतीत काही युनियनांनी लाज राखली म्हणा, स्वीडन फ्रान्सकडच्या लोकांनी छपाईची यंत्रं, शाई, सुटे भाग मदतीच्या सामानात लपवून आत पोचवले. भूमिगत पत्रक छापायला शाई लागते, निषेधाच्या तारेने छापून होत नाही.

---

किनारा

वाकडाभाऊंनी एएफएल-सीआयओचा विषय काढलाच आहे तर पुढचं सांगते, कारण ही गोष्ट अर्धवट सांगितली की दोन्ही बाजूंना सोयीची होते.

१९७८ च्या ऑक्टोबरमध्ये पिनोशेच्या सरकारने अनेक कामगार महासंघ बरखास्त केले आणि जेमतेम दोन दिवसांच्या नोटिशीवर कारखान्यांत युनियन निवडणुका लावल्या, आधीचे पदाधिकारी उभे राहू शकणार नाहीत अशी अट घालून. हिशोब असा की नवखे लोक निवडून येतील, मुठीत राहतील. त्यावर नोव्हेंबरमध्ये पेरूतल्या लिमाला अमेरिका खंडातल्या युनियनांची बैठक झाली आणि चिलीच्या मालावर बहिष्काराचा ठराव झाला. त्यामागे जोर कोणाचा, तर त्याच एएफएल-सीआयओचा, अध्यक्ष जॉर्ज मीनी, पक्का कम्युनिस्टविरोधी म्हातारा. गोदी कामगारांनी चिलीची जहाजं रिकामी करायचीच नाहीत म्हटलं तर फळं, तांबं, लाकूड सगळं अडकणार. या धमकीने सरकार खरोखर हललं, कारण त्यांच्या लाडक्या खुल्या बाजाराचा सगळा डोलारा निर्यातीवर उभा होता.

मग झालं काय? नवा कामगारमंत्री आला, होसे पिन्येरा, आणि १९७९ च्या जुलैमध्ये 'प्लान लाबोराल' नावाचे कायदे आले. वरवर बघितलं तर युनियनला परवानगी, वाटाघाटींना परवानगी, संपालाही परवानगी. बाहेर दाखवायला झकास. आत बघितलं तर वाटाघाटी एकेका कंपनीपुरत्याच, महासंघाला टेबलावर जागा नाही, संपात मालकाला दुसरी माणसं भरायची मुभा आणि ६० दिवसांच्या आत कामावर आला नाहीत तर तुम्ही स्वतःहून राजीनामा दिला असं धरणार. म्हणजे बहिष्काराच्या धमकीने काय मिळालं, तर पिंजऱ्याला एक दार, तेही आतून न उघडणारं.

मी बरीच वर्षं हेच उदाहरण 'बाहेरच्या दबावाने काही होत नाही' म्हणून द्यायचे. मग पुढचं वाचलं. त्या निवडणुका, ते कायदे, त्यातूनच तळात नवे लोक वर आले. तांबं खाणकामगारांच्या महासंघाचा अध्यक्ष १९८३ मध्ये कोण झाला, तर रोदोल्फो सेगेल, वय २९. त्याच्या आधीच्याच वर्षी, फेब्रुवारी १९८२ मध्ये, सरकारी कर्मचाऱ्यांचा नेता तुकापेल हिमेनेझ याचा राजवटीच्या गुप्तहेरांनी खून केला होता, म्हणजे पुढे होणाऱ्याचं काय होतं ते सगळ्यांना माहीत होतं. तरीही ११ मे १९८३ ला खाणकामगारांनी राष्ट्रीय निषेध दिन पुकारला. आधी सार्वत्रिक संप ठरला होता पण संप केला तर सैन्य खाणीत घुसणार हे दिसत होतं, म्हणून सांगितलं की मुलं शाळेत पाठवू नका, खरेदी करू नका, गाड्या हळू चालवा आणि रात्री आठला घरात राहून भांडी वाजवा. सांतियागोत त्या रात्री अंधारातून भांड्यांचा आवाज सुरू झाला तो गरीब वस्त्यांतूनही आणि बऱ्या घरांतूनही. दहा वर्षांत पहिल्यांदा लोकांना कळलं की शेजारीही आपल्यासारखाच वैतागलाय.

आता यात लिमाच्या ठरावाचा वाटा किती ते पैशाआण्यात सांगता येणार नाही. पण ते दार किलकिलं करायला लावणारे बाहेरचे होते आणि त्यातून बाहेर आलेले आतले, हे मात्र खरं.

---

शिवणयंत्र

सगळे चिलीतच रमलेत. रात्रपाळी, तुमचा ठराव म्यानमारचा आहे ना?

मी कपड्यांच्या कारखान्यात सोळा वर्षं काढली, म्हणून त्या बायकांबद्दल वाचताना नजर दुसरीकडे जात नाही. सत्तापालट झाल्यावर पाच दिवसांनी, ६ फेब्रुवारी २०२१ ला, यांगूनच्या रस्त्यावर मोठ्या संख्येने उतरले त्यात पुढे कपडे शिवणाऱ्या मुली होत्या. डॉक्टर-नर्सेसनी कामबंद सुरू केलं होतंच, मग रेल्वे आली. रेल्वेवाल्यांचं सांगते. १० मार्चला यांगूनमधल्या मा ह्ल्वा गोन रेल्वे कॉलनीवर सैनिक-पोलिस आले आणि संपावरच्या लोकांना क्वार्टर खाली करायला लावले. क्वार्टरमध्ये ज्यांनी संसार केलाय त्यांना समजेल, बायकापोरं, गॅस, गाद्या, पोपटाचा पिंजरा, सगळं घेऊन चालते व्हा. चार दिवसांनी हलाईंगथाया, म्हणजे कारखान्यांची वस्ती, तिथे गोळीबारात डझनांनी माणसं मेली आणि मार्शल लॉ लागला.

आता खरा वाद. तिथल्या युनियनांनी जगाकडे मागणी केली की संपूर्ण आर्थिक निर्बंध लावा, ब्रँडांनी निघून जावं, कारण संघटना करायलाच बंदी असताना 'आम्ही कारखान्यात हक्क पाळतो की नाही ते तपासतो' या म्हणण्याला अर्थ काय? तक्रार करणारी आत जाणार, तपासणाऱ्याला सांगणार कोण? आंतरराष्ट्रीय महासंघ इंडस्ट्रीऑलने हीच भूमिका घेतली. २०२३ मध्ये इंडिटेक्स आणि एच अँड एम या कपड्यांच्या ब्रँडांनी टप्प्याटप्प्याने बाहेर पडू असं जाहीर केलं.

पण उलट बाजू सोपी नाही हो. कारखाना बंद झाला की ती मुलगी जाते कुठे? किमान मजुरी २०१८ मध्ये दिवसाला ४,८०० च्यात (तिथलं चलन) ठरली होती, सत्तापालटानंतर च्यात गडगडत गेला आणि तांदूळ-तेल वर. गावी परत जावं तर तिथे लढाई. २०२४ च्या फेब्रुवारीपासून सक्तीची लष्करभरतीही लागू केली, म्हणून तरुण पोरं सीमा ओलांडून पळतायत. मला विचाराल तर माझं मन दोन्हीकडे ओढतं. फक्त एक नियम मी स्वतःला घालून घेतलाय, की हा निर्णय मी इथे खुर्चीत बसून घेणार नाही. ज्यांची नोकरी जाणार त्यांच्याच संघटना 'निर्बंध लावा' म्हणत असतील तर त्यांच्यापेक्षा त्यांची काळजी मला जास्त आहे असं दाखवणं म्हणजे आगाऊपणा.

---

वाकडा_प्रश्न

ताई, संघटना म्हणतात म्हणजे सगळे कामगार म्हणतात असं नसतं. नेते बरेचसे देशाबाहेर आहेत.

---

शिवणयंत्र

नसतंच. पण जो देशात राहून बोलेल त्याला अटक, मग 'नेते बाहेर आहेत' हा दोष नेत्यांचा कसा? आणि कामगारांचं मत विचारायला मतदान घ्यावं तर ते घेणारी युनियनच बेकायदा. हा घोळ लष्कराने केलाय, त्याचं उत्तर भूमिगत माणसाकडे मागू नका.

---

कलम_तेहतीस

कायद्याचं थोडं टाकतो, कोरडं आहे पण सभेत कामाला येईल.

आयएलओची, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची, चौकशी समिती म्यानमारवर मार्च २०२२ मध्ये नेमली, २०२३ मध्ये अहवाल आला, दोन करारांवर: ८७ म्हणजे संघटनेचं स्वातंत्र्य आणि २९ म्हणजे सक्तीची मजुरी. दोन्ही करार म्यानमारने १९५५ पासून मान्य केलेले, म्हणजे 'पाश्चात्य मूल्यं लादतायत' हे चालत नाही. लष्कराने शिफारशी मानल्या नाहीत, म्हणून जून २०२५ च्या परिषदेत आयएलओच्या घटनेचं कलम ३३ लावलं. शंभर वर्षांच्या इतिहासात हे तिसऱ्यांदा. आधी २००० मध्ये म्यानमारच, सक्तीच्या मजुरीवर, मग २०२३ मध्ये बेलारूस. या कलमात पोलिस-सैन्य काही नसतं. सदस्य सरकारं, मालक संघटना आणि कामगार संघटना या तिघांना सांगितलं जातं की या देशाशी असलेले तुमचे संबंध तपासा, त्यातून अत्याचाराला मदत होत नाही ना बघा. तिघांत तुम्ही आहात. म्हणजे 'आपला काय संबंध' विचारणाऱ्याला दाखवायला कागद आहे.

दुसरं, फिटरकाकांच्या गोष्टीत एक सावधगिरी. ईस्ट किलब्राइडसारखं आज ब्रिटनमध्ये करायला गेलं तर युनियन कायद्यात अडकेल, १९९० पासून तिथे दुसऱ्याच्या वादासाठी केलेल्या कामबंदला संरक्षणच नाही. अमेरिकेत पूर्व किनाऱ्याच्या गोदी कामगारांनी १९८० मध्ये अफगाणिस्तानवरच्या आक्रमणाचा निषेध म्हणून रशियाचा माल उचलायला नकार दिला, तो १९८२ मध्ये सुप्रीम कोर्टाने बेकायदा ठरवला. हेतू चांगला होता, कायद्याला हेतूशी देणंघेणं नाही. तेव्हा ठरावात 'कामबंद' शब्द घालायच्या आधी वकिलाला दाखवा.

---

जुना_फिटर

कायदा काही आभाळातून पडलेला नाही, असल्या गोष्टी थांबवायलाच केलाय तो. असो.

आणि आपल्या माणसांचं कोणी सांगितलं नाही म्हणून सांगतो, लष्करी राजवटीचं नाही पण जवळचं. १९४५ च्या सप्टेंबरमध्ये ऑस्ट्रेलियाच्या बंदरांतून डच जहाजं सैन्य-शस्त्रं घेऊन इंडोनेशियाकडे निघाली होती, नुकताच स्वतंत्र म्हणवलेला देश परत ताब्यात घ्यायला. तिथल्या गोदी कामगारांनी बहिष्कार घातला आणि त्यात भारतीय खलाशीही उतरले, परक्या बंदरात, परक्या देशासाठी, आणि स्वतःचा देश अजून गुलाम. 'आधी आपलं बघू' म्हणायचा हक्क त्यांच्याइतका कोणाला होता?

म्यानमारमध्ये आज मुद्दा इंजिनाचा नाही, इंधनाचा आहे. गावांवर बाँब टाकणाऱ्या विमानांना लागणारं जेट फ्युएल टँकरनेच येतं, यांगूनजवळच्या थिलावा बंदरात उतरतं. ते रोखा ही मानवी हक्कवाल्यांची किती वर्षांची मागणी आहे. जहाज म्हणजे खलाशी आले, गोदी आली, विमा आला, कागद करणारा कारकून आला. तुमची युनियन कुठल्या धंद्यातली?

---

रात्रपाळी

काका, मालवाहतुकीची. कागद करणारे कारकूनच आम्ही, हे वाचून जरा चरकलो.

सगळ्यांचे आभार, दोनदा वाचलं. ठराव बदललाय. निषेधाची अडीच पानं काढून टाकली, आता तीन गोष्टी उरल्यात. एक, कलम ३३ प्रमाणे आम्ही हाताळतो त्या मालात म्यानमारच्या लष्कराशी संबंधित काही येतं का ते तपासायला दोन जणांची समिती, तीन महिन्यांत लेखी उत्तर. दोन, काही सापडलं तर कोणा एकट्यावर न सोपवता युनियन म्हणून मॅनेजमेंटशी बोलायचं, वकिलाला विचारून. तीन, वर्गणीतून ठराविक रक्कम आंतरराष्ट्रीय महासंघामार्फत, अटकेतल्या लोकांच्या कुटुंबांसाठी. करार रखडल्याचा प्रश्न येणारच, त्यावर खलाशांचं सांगेन, पटलं तर पटलं.

पत्राचा एखादा नमुना आहे का कोणाकडे? तुरुंगातल्या पदाधिकाऱ्यांना सोडा म्हणून पाठवायचंय, यावेळी तिकीट लावून.

---

शिवणयंत्र

नमुना मेसेज करते. पत्रात ज्यांची नावं आयएलओच्या अहवालात किंवा बातम्यांत आधीच उघड आहेत तेवढीच घाला. बाकी आतल्या कोणाशी तुमचा फोनवर, मेसेजवर संपर्क असला तर त्याचं नाव ना पत्रात, ना मिनिट्समध्ये, ना ग्रुपवरच्या फोटोखाली. आमच्याकडे एकाने उत्साहात व्हिडिओ कॉलचा स्क्रीनशॉट टाकला होता, समोरच्या बाईचा चेहरा स्वच्छ दिसत होता. दहा मिनिटांत काढायला लावला, पण ती दहा मिनिटं मला अजून आठवतात.